पहिल्या धारेचं पाणी

पाचवीच्या चाचणीत 'पाण्याला चव नसते' या वाक्यापुढे दामिनीने ठळक अक्षरात 'चूक' लिहिलं होतं. गुरुजींनी त्यावर तेवढीच ठळक लाल फुली मारली. पोरीने वाद घातला नाही. गुरुजी रोज दर्यापूरहून येताना पाण्याची बाटली पिशवीत घालून आणत आणि गावच्या पाण्याचा घोट चुकूनही घेत नसत, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ज्याने आपलं पाणी कधी तोंडात घेतलं नाही त्याला चवीचं काय कळणार, असं मनाशी म्हणून ती खिडकीतून बाहेर बघत बसली. खिडकीबाहेर बघणं हा तिचा तेव्हापासूनचा आवडता विषय. त्यात तिला कधी फुली मिळाली नाही.

तिचं गाव पूर्णेच्या काठाकडचं, खारपाणपट्ट्यातलं. वर काळी कसदार जमीन, कापूस आणि हरभरा मागाल तसा देणारी, आणि खाली खारं पाणी. विहीर खणा, बोअर मारा, हापशी हलवा, यायचं ते खारंच. इतर ठिकाणचे लोक पाण्याला नुसतं पाणी म्हणतात. या पट्ट्यात ते भागत नाही, खारं की गोड ते सांगावं लागतं. गोड म्हणजे साखरेचं नव्हे, घशाखाली उतरेल असं. ते धरणावरून नळाने आलं तर आलं, नाही तर जारमधून विकत.

अकरावीला दामिनी अमरावतीला हॉस्टेलवर राहायला गेली, सायन्सला. बाप खुशालराव म्हणाला होता, आर्ट्सला टाकू, जवळ पडेल. तेव्हा तिचा मोठा भाऊ ललित आडवा पडला. "तिले सायन्सच घेऊ द्या, बाबा. खिडकीतून पाह्यते म्हणून काय डोस्कं नाही का तिले?" एवढं बोलून तो थांबला नाही, तिची वळकटी खांद्यावर टाकून एसटीत उभा राहून अमरावतीपर्यंत सोडायला आला. ललितचं दर्यापूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळून द्यायची, आणि संध्याकाळी गावी परत. कमी बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या एसटीच्या प्रवासाचं ओझं दामिनीला अजून वाटे, आणि ते उतरवायची संधी ती शोधत होती.

कॉलेजात रसायनशास्त्राला प्रियदर्शनी मॅडम होत्या. इतर ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे मागच्या वर्षीच्या पोरांच्या वहीतून उतरवून काढायचा कार्यक्रम असतो. या बाईंच्या तासाला आधी हात ओले व्हायचे, मग पेन उघडायचं. "जे दिसलं ते लिहा," त्या म्हणत. "जे दिसायले पाहिजे होतं ते नका लिहू." पोरांना हे फार जड जाई, कारण काय दिसायला पाहिजे ते गाइडमध्ये छापलेलं होतं.

एकदा मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या घरचं पाणी आणायला सांगितलं. खिडकीपाशी परीक्षानळ्यांची रांग लागली. प्रत्येक नळीत थोडं पाणी, आणि तपकिरी बाटलीतून सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पाण्यात मीठ असेल तर पांढरं दिसेल, एवढंच मॅडमनी सांगितलं. बडनेऱ्याच्या संघपालच्या नळीत धुकं आल्यासारखं झालं. नांदगाव पेठेच्या मुलीच्या नळीत जरा जास्त. हॉस्टेलच्या नळाचं पाणी मधलंच काहीतरी. मग दामिनीची पाळी आली. थेंब पडला आणि नळीत पांढरा ढग उतरला. तो दाटला, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि त्या सावकाश तळाशी जाऊन बसल्या.

"अबे, हिनं तं दहीच लावलं!" संघपाल ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

दामिनी हसली नाही आणि रागावलीही नाही, कारण ती तिथे नव्हतीच. मॅडम सांगत होत्या की फार फार पूर्वी पूर्णेच्या खोऱ्यात खारं पाणी अडकून राहिलं असावं, असं काही जण मानतात. तेवढ्या शब्दांवर पोरगी निघून गेली होती. तिच्या घराखाली समुद्र पसरला होता. मायच्या चुलीखालून मासे सावकाश जात होते, वर कापसाला बोंडं धरली होती, आणि विहिरीत बादली सोडली की ती कुठल्यातरी जुन्या लाटेवर टेकत होती. एवढा मोठा समुद्र आपल्या मालकीचा, आणि लोक म्हणतात गावात पाणी नाही!

शेवटच्या नळीत ऊर्ध्वपातित पाणी होतं, म्हणजे उकळून, त्याची वाफ थंड करून पुन्हा थेंब थेंब गोळा केलेलं. त्यात थेंब टाकला. काहीच झालं नाही. बाकीची पोरं आपापल्या वह्यांकडे वळली, पण दामिनी त्या नळीकडे बघत राहिली. काही न होणं एवढं सुंदर दिसतं हे तिला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत उन्हाने इतर नळ्यांतलं पांढरं जांभळट पडलं, आणि ती एक नळी तशीच नितळ होती.

आता ललितच्या लग्नाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं.

ललितला स्थळं येत. पाहुणे घर पाहायला येत, बैठकीत टेकत, आणि रीतीप्रमाणे आधी पाणी येई. पहिला घोट घेतला की ते एकमेकांकडे बघत. पुढे चहा होई, पोहे होत, गप्पा होत, पण निकाल त्या घोटातच लागलेला असे. "पोरगं हिरा हाये हो, पण खाऱ्या गावात पोरगी नाही देत आमी," असं एकाने तोंडावर सांगितलं, बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं. मागच्या खेपेस घरच्यांनी शहाणपणा करून तांब्या जारच्या पाण्याने भरला. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "हे पाणी कुठलं?" ललितची माय मैनाबाई हिला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की जीभ अडकते आणि कान लाल होतात. ती म्हणाली, "जारचं." म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तेही स्थळ गेलं.

या वेळचं स्थळ परतवाड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मुलीचं नाव रागिणी. ललित तिला पाहून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने एका मोटरला उलटे वेढे घालून ठेवले. एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. फोनवर तो दामिनीला एवढंच म्हणाला, "हे आखरी. हे बी नाही म्हटले तं यापुढं मले कोणासमोर उभं करू नोका." आवाज शांत होता, म्हणून तिला जास्तच रडू आलं. मुलीकडचे येत्या रविवारी घर पाहायला येणार होते.

शुक्रवारच्या तासाला मॅडमनी ऊर्ध्वपातनाचं उपकरण मांडलं. चंबू, त्याला काचेची नळी, नळीभोवती थंड पाण्याची दुसरी नळी. मीठ घातलेलं पाणी उकळलं, आणि पलीकडच्या टोकाला एक थेंब लोंबकळला, फुगला आणि पडला. मग दुसरा. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचं थोडं फेकून द्यायचं, नळीतली धूळबिळ त्यात येते, मग खरं गोळा करायचं. दामिनी थेंब बघत होती. चंबूच्या तळाशी मिठाची पांढरी खपली धरली तेव्हा ती तंद्रीतून जागी झाली, आणि जागी झाली ती बेत घेऊनच.

माय खोटं बोलू शकत नाही ना? मग बोलू नये. विहिरीचंच पाणी घ्यायचं, उकळायचं, वाफ थंड करायची. पाहुण्यांनी विचारलं, पाणी कुठलं, तर माय ताठ मानेने म्हणेल, आपल्याच विहिरीचं. यात खोटं कुठे आहे? नुसतं जराशी वाफ सांगायची राहून जाते. पोरगी हुशार होती, आणि हुशार माणसाला अशी पळवाट दिसली की ती त्याला हमरस्ता वाटते.

शनिवारी सकाळी ती एसटीने दर्यापूर आणि तिथून काळीपिवळीने गावी आली. पिशवीत सिल्व्हर नायट्रेटची लहान तपकिरी बाटली होती. गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासून आण, आपण त्याचा प्रकल्प करू, असं म्हणून मॅडमनी ती दिली होती. पण विहिरी राहिल्या बाजूला. मायला विश्वासात घेऊन दामिनीने गोठ्यात तीन विटांची चूल मांडली. जुनी मोठी किटली, तिच्या तोटीला ललितच्या अडगळीतली रबरी नळी. नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून तिचं टोक बरणीत सोडलं. सांध्यातून वाफ निसटू लागली तेव्हा माय भिजवलेली कणीक घेऊन आली आणि सगळे सांधे लिंपून टाकले. बाप वावरात होता, ललित दुकानात.

मग दामिनी बरणीपुढे बसली. बाहेर उन्हात सगळं गाव पेंगत होतं, गाय रवंथ करत होती आणि नळीच्या टोकाला थेंब जमत होता. थेंब पडायचा, आणि पुढचा येईपर्यंत मधे एक मोठी शांतता असायची. त्या शांततेत तिला खालचा समुद्र ऐकू आला. तो उठून किटलीत येत होता, मीठ तिथेच ठेवून हलका होत होता, आणि नळीतून एकेक थेंब होऊन घरात येत होता, पाहुण्यासारखा, पाय धुऊन.

"पयली धार कधी निंगन वो?"

कुंपणावरून शेजारच्या बुधाजीचं डोकं वर आलं होतं. बुधाजी चांगला माणूस. त्याने दारू सोडलेली होती. दर सोमवारी सोडायचा.

"निंगून राहिली न, काका," दामिनी बरणीवरची नजर न हलवता म्हणाली. "पयली धार म्या फेकून देल्ली."

"फेकून देल्ली?" बुधाजीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. "अवो, पयल्या धारेची कोणी फेकते काय? तुले कोणं सांगतलं?"

"मॅडमनं. पयल्या धारेत घाण येते म्हणे."

"कॉलेजात हे शिकवून राहिले?"

"प्रॅक्टिकल राह्यते न, काका."

शिक्षण इतकं पुढे गेलं आणि आपण चौथीत शाळा सोडली, याची हळहळ बुधाजीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. "अन् एवढी कोणासाठी?"

"उद्या दादाले पाहुणे येऊन राहिले. त्यायच्यासाठी."

"वा वा," बुधाजी म्हणाला. "घराणं पाहावं तं असं." डोकं खाली गेलं. दामिनी पुन्हा थेंबात बुडाली. तो काय विचारून गेला आणि आपण काय सांगून बसलो, हे त्या जागी दुसऱ्या कुणालाही कळलं असतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलीचे वडील गोवर्धनराव, त्यांची विधवा बहीण गोदाबाई, आणि स्वतः रागिणी. मुलीने घर पाहायला यायचं ही रीत नव्हे, पण ती हट्टाने आली होती. गोदाबाईच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती, घरून भरून आणलेली. खाऱ्या गावाला जाताना लोक असंच करतात आणि गाववाले ते पाहून न पाहिल्यासारखं करतात.

मैनाबाई ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. या वेळी तिची पावलं हलकी होती. गोवर्धनरावांनी ग्लास उचलला, तोंडाला न लावता नाकाशी नेला आणि हुंगला. मग बहिणीकडे पाहिलं. तिनेही हुंगला.

"हे काय हाये?" गोवर्धनरावांनी विचारलं.

"पाणी," खुशालराव म्हणाला.

"कायचं पाणी?"

"आपल्याच विहिरीचं," मैनाबाई म्हणाली. जीभ अडकली नाही. दाराआडून दामिनीला मायचा आवाज असा ऐकू आला की ती सुखावली.

गोदाबाईने जिभेच्या टोकाने एक थेंब चाखला आणि ग्लास खाली ठेवला. "खाऱ्या गावात विहिरीले असं पाणी? ना खारं ना गोड. इथं कुठंतरी पाणी मुरून राहिलं, भाऊ."

"सरळच बोलतो, खुशालराव," गोवर्धनराव म्हणाले. "पारावर आमी तुमचं घर विचारलं. तिथं एक जण बसले होते, बुधाजी म्हणून. म्हणे, जा बिनधास्त, बम खातीरदारी हाये, पोरीनं सोताच्या हातानं काढून ठेवली, पयल्या धारेची. आमाले वाटलं गंमत करून राहिले. तुमच्या घरी भट्टी हाये काय?"

खुशालरावाच्या तोंडचं पाणी पळालं. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस तो. ललित उभा राहिला आणि त्याने दाराकडे, दामिनीकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, आणि ते तिला सहन होईना.

"गोठा पाहू द्या," गोवर्धनराव म्हणाले.

सगळे मागे गेले. गोठ्यात विटांची चूल होती, काजळी धरलेली किटली होती, नळी होती, बादली होती आणि सांध्यांना कणीक होती. हातभट्टी जिने जन्मात पाहिली नाही तिनेही ओळखावी असं ते सगळं मांडलेलं होतं. गोवर्धनराव बराच वेळ बघत राहिले.

"माहा लहाना भाऊ या दारूनंच गेला," ते अखेर म्हणाले. आवाज चढला नाही. "त्याचे लेकरं म्या वाढवले. तुमी लोक वाईट नसान, पण या घरात माही पोरगी नाही येणार. चाल, रागिणी."

दामिनीची तंद्री उतरली. इतकी जागी ती आजवर कधीच झाली नव्हती. दारू नाही, पाणी आहे, असं म्हणायचं तर लोक विचारणार, पाणी कोण भट्टीवर चढवतं? बॅटरीत घालायचं आहे म्हणावं, तर तेच ग्लासात घालून पाहुण्यांना दिलं होतं. भावाच्या नावावरचा हा डाग पुसायला एकच गोष्ट उरत होती, आणि ती म्हणजे ज्याच्यापायी इतकी स्थळं गेली ते खारं पाणी सगळ्यांसमोर ओतणं. दारूने मोडलं काय आणि खारेपणाने मोडलं काय, लग्न मोडणार ते मोडणारच होतं. पण दारूने मोडलं तर पुन्हा कुणी येणार नाही, आणि ललित ते मुकाट्याने डोक्यावर घेऊन फिरेल.

"काका, थांबा," ती म्हणाली. "दारू नाही हे. विहीर खारी हाये आमची. लय खारी. तुमाले कळू नाही म्हणून म्या वाफ करून मीठ काहाडलं. दादाले काहीच माहीत नाही. मी केलं."

ती धावत आत गेली आणि तीन काचेचे ग्लास आणि तपकिरी बाटली घेऊन आली. एका ग्लासात विहिरीवरून ओढलेल्या बादलीतलं पाणी घेतलं, दुसऱ्यात बरणीतलं. गोठ्याच्या उंबऱ्यावर, जिथे ऊन पडत होतं, तिथे दोन्ही ठेवले. पहिल्यात थेंब पडला आणि ढग उतरला, दाटला, गुठळ्या झाल्या. गोदाबाई दोन पावलं मागे सरकली.

"हे मीठ होय?" गोवर्धनरावांनी विचारलं.

"मीठ हाये म्हणून हे दिसते, काका."

दुसऱ्या ग्लासात थेंब पडला आणि विरून गेला. पाणी होतं तसंच राहिलं. सगळे वाकून बघत होते, ललितसुद्धा. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी कुणाला नजर काढवेना.

तेव्हा रागिणीने आत्याच्या हातातली बाटली घेतली आणि तिसरा ग्लास भरून उंबऱ्यावर ठेवला. "याच्यात बी टाका न," ती म्हणाली. घरात आल्यापासून तिचा हा पहिला शब्द.

"अवो, आपल्या पाण्यात काय राह्यते?" गोदाबाई म्हणाली. "डोंगराचं पाणी हाये ते."

दामिनीने थेंब सोडला. पाण्यात एक बारीक पांढरा धागा उतरला, वळला, पसरला आणि सगळा ग्लास किंचित धुरकट झाला. गोवर्धनराव गुडघ्यावर बसले. आपल्या गावच्या पाण्याची तारीफ करत ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने तो ग्लास उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"हाये तं," ते हळूच म्हणाले.

"थोडं हाये म्हणून तुमचं गोड लागते, काका," दामिनी म्हणाली. "अजिबातच काढून टाकलं तं मंग ते असं लागते, आत्यानं चाखलं तसं. आमचं लय जास्त हाये, एवढंच."

गोवर्धनराव जायला निघाले होते ते तिथेच बसून राहिले. भट्टीचा विषय संपला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खाऱ्याचा विषय मात्र आता उघड्यावर मांडलेला होता, आणि तो कुणाच्याने उचलवेना. शेवटी गोदाबाईनेच उचलला. "खरं सांगतलं पोरीनं, मानलं. पण खारं ते खारंच न, भाऊ. उद्या आपल्या पोरीचे केस गळतीन, तुरीची दाय शिजनार नाही."

"प्याले जारचं आणतो," खुशालराव म्हणाला. "बाकी सगळं याच्यातच. लपवून काय करू आता?"

ललित गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. तो रागिणीकडे न बघता म्हणाला, "नाही म्हणाचं असन तं आत्ताच म्हणा, काका. फोन नोका बंद करू. मले वाट पाह्याचा लय कंटाळा आला." इतकं लांब वाक्य तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलला असावा. दामिनीला वाटलं, आता हा जन्मभर दुसरं बोलणार नाही.

गोवर्धनरावांनी मुलीकडे पाहिलं. रागिणी बादलीपाशी गेली होती. तिने बादलीत पेला बुडवला आणि ती विहिरीचं पाणी प्यायला लागली. नुसता घोट नाही, सावकाश अर्धा पेला प्यायली. तिचं तोंड वाकडं झालं आणि तिने ते लपवलं नाही.

"लयच खारं हाये," ती म्हणाली.

ललितने मान खाली घातली. सातपुड्याच्या गोड पाण्यावर वाढलेल्या मुलीने खारं पाणी चाखून खरं ते सांगितलं, यात तिचा काय दोष? जे लागलं ते ती बोलली होती. एवढं कबूल करूनही दामिनीला तिचा त्या क्षणी फार राग आला.

रागिणी अजून पेल्यात बघत होती. "काकू," तिने मैनाबाईला विचारलं, "चहा कोण्या पाण्याचा करता?"

"याच्याच, माय. जार कुठं पुरते?"

"दूध फाटत नाही?"

"फाटते न. कधी फाटते, कधी नाही."

रागिणीने थोडा विचार केला. मग उरलेलं पाणी गाईपुढच्या घमेल्यात ओतलं आणि ओढणी कमरेला खोचली. "एकात एक उकळत असान म्हणून फाटत असन," ती म्हणाली. "दूध न्यारं तापवू अन् आखरीले टाकून पाहू आपण."

'आपण' म्हणाली ती. गोदाबाईला ते आधी कळलं. तिने भावाकडे पाहिलं, आणि गोवर्धनरावांनी हातातला धुरकट ग्लास उंबऱ्यावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. खुशालराव अजून काय झालं म्हणून एकेकाकडे बघत होता. मैनाबाई दूध आणायला आत गेली ती पदर डोळ्याला लावूनच गेली. ललितने चुलीत काड्या सारल्या, फुंकणीशिवायच फुंकत बसला आणि सगळा धूर स्वतःच्या डोळ्यांत घेतला.

चहाला किटली हवी होती, पण तिच्या तोटीत अजून नळी अडकलेली होती आणि कणीक वाळून दगड झाली होती. दामिनी पुढे झाली. तोवर वहिनीने नखाने ती खरवडायला घेतली होती.